आधी भिंत कोरी ठेवा

पुढे या, पुढे बसा, मागे बसून नंतर ऐकू येत नाही म्हणता. तर पत्रिकेत माझा विषय छापलाय 'हवामान बदलावर सहभागी कार्यशाळा कशी घ्यावी', मला पंचेचाळीस मिनिटं दिली होती, त्यातली बारा सत्कारात गेली. शाल मिळाली, आभारी आहे, भर मे महिन्यात शाल. हवामान बदलाच्या वक्त्याला पंखा द्या की एखादा! असो.

मला मुळात एकच सांगायचंय, ते आधीच सांगून टाकते. लोक कार्यशाळेला येतात तेव्हा भिंत कोरी पाहिजे. आपण काय करतो, आदल्या रात्री जागून तक्ते, आलेख, पोस्टरं लावतो, मग लोक आत येतात, भिंतीकडे बघतात आणि त्यांना लगेच कळतं की आपल्याला फक्त ऐकायला बोलावलंय. मग बिचारे ऐकतात, म्हणजे चहा कधी येतोय ते बघत बसतात.

हे मला कुठं कळलं ते सांगते. तासगावकडचं एक गाव, सगळी द्राक्षबागायत, 2022 चा जून. मी भूगोलाची बाई, शुद्ध मराठीचा सोस, त्यामुळे पत्रिकेवर ठसठशीत छापलं, 'हरितगृह परिणाम आणि आपण : एकदिवसीय कार्यशाळा'. पंचवीस माणसं येतील असा अंदाज होता. आली सत्तरच्या वर. मी हरखूनच गेले, म्हटलं गाव जागरूक आहे. मग लक्षात आलं की निम्म्यांच्या हातात प्लास्टिकच्या फायली आहेत आणि त्यात सातबारा, आठ-अ, आधारची झेरॉक्स. हवामान बदलाला लोक सातबारा घेऊन आलेले मी तरी पहिल्यांदाच बघत होते! तरी मला अंदाज येईना. मी आपली चाळीस स्लाइड सुरू केल्या. सातव्या स्लाइडला एक काका उठले, "मॅडम, ते समदं खरं हाय, पण हरितगृहाला अनुदान किती टक्के?"

तुम्ही हसताय. तिथं कोणी हसलं नाही, कारण सगळे त्याच्यासाठीच आले होते. हरितगृह म्हणजे पॉलिहाऊस, हवेतले वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतात हा दुसरा अर्थ शेतकऱ्याला माहीत असायचं कारणच काय? चूक माझी होती. अनुदान नाही म्हटल्यावर बरीच माणसं उठून गेली, एकानं तर माझ्याकडे दिलेली फाइल परत मागून घेतली. उरलेल्यांतला एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आम्ही बागेवर घालायला प्लास्टिकचा कागद मागतोय, तो का मागतोय ते तरी विचारा की."

विचारलं. तो बाहेर गेला आणि मोटरसायकलच्या डिकीतून फवारणीची वही घेऊन आला. निर्यातीची बाग असली की औषधांची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे छाटणीपासून तारीखवार सगळं लिहिलेलं. 2019 चं पान काढलं. ऑक्टोबर छाटणी, मग पाऊस, डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग, फवारणी, परत पाऊस, परत फवारणी, एका दिवसात दोनदा सुद्धा, निळ्या शाईत सुरुवात आणि पुढे मिळेल त्या पेनानं. शेवटी दोनच शब्द होते, 'बाग सोडली'. माझ्या चाळीस स्लाइडमध्ये असं काही नव्हतं.

मग मी माझ्याच नावाचा फ्लेक्स उतरवला, उलटा केला, पांढऱ्या बाजूवर आडवी रेघ मारली आणि म्हटलं, लिहा, कुठल्या वर्षी पावसापाण्याचं काय आठवतंय ते. दुपारपर्यंत कुणी जागचं हललं नाही. एका आजींनी 1972 चा दुष्काळ सांगितला, सुकडी आणि तांबडा मिलो यांच्या चवीसकट. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं आणि 2019 ला मिरजेच्याच सांगली जिल्ह्यात पुरात बोटी फिरत होत्या, हे दोन्ही शेजारी शेजारी लिहिल्यावर खोलीत जरा शांतता झाली. 2005 चा पूर मी विसरले होते, तो त्यांनी मला लिहायला लावला. आणि मग त्यांनी विचारलं, असं का होतंय? तेव्हा सांगितलं, हवा एक अंश तापली की साधारण 7 टक्के जास्त वाफ धरते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीवरची गोधडी, ती आधी दशलक्षात 280 भाग होती, आता 420 च्या वर गेलीय. एकानं सुद्धा घड्याळ बघितलं नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, जे सांगायला बोलावलं होतं ते आता पळत पळत. पत्रिका छापू नका, फोन करा. गट सहा-सात जणांचे, त्यात बायका आणि शेतमजूर हवेतच, फक्त बागायतदार नकोत, नाहीतर सगळी चर्चा प्लास्टिक कागदाच्या भावावर जाते. बायका मिश्र गटात बोलत नसतील तर त्यांचा गट वेगळा करा. फ्रान्समधून आलेला 'क्लायमेट फ्रेस्क' नावाचा पत्त्यांचा प्रकार आहे, 42 पत्ते, तीन तास, कारण कुठलं आणि परिणाम कुठला ते गटानंच लावायचं. चांगला आहे, पण मी गावात पंधराच पत्ते काढते आणि कोरे पाच देते, त्यावर त्यांचं त्यांनी लिहायचं. पत्ते चुकीचे लागले तर लगेच उठून दुरुस्त करू नका, शेजारचा गट करतो. तज्ज्ञाला दुपारी बोलावा, सकाळी अजिबात नको. आणि उठायच्या आधी एक काम, एक नाव, एक तारीख. त्या गावात बांधावर साधं पर्जन्यमापक बसवायचं ठरलं, ते बसलं, आता एक शाळकरी मुलगी नोंद ठेवते.

माईक मागतायत. मागच्या भिंतीवर कोरी पट्टी लावलीय, जाताना आपल्याला आठवणाऱ्या वर्षाखाली काहीतरी लिहून जा. पेन दोरीला बांधलंय, सोडवू नका, मागच्या वेळी तीन गेली.