किती पाउंड?

(दृश्य : खेळाच्या सामानाचं दुकान, मागचा कोपरा. मशीनवर आडवी बसवलेली रॅकेट.)

पुणे. बॅडमिंटनला एके काळी या शहराच्याच नावानं ओळखत, पूना म्हणून. संध्याकाळ झाली की या कोपऱ्यात जाळी फाटलेल्या रॅकेटी साचायला लागतात. प्रत्येकीच्या मुठीला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर नाव आणि आकडा. २२. २४. २६.

आकडा पाउंडांचा. गटिंग करताना, म्हणजे रॅकेटला नवी जाळी भरताना, मशीन तार किती जोरानं ओढणार, ते सांगणारा. तार म्हणजे जेमतेम ०.६ ते ०.७ मिलिमीटर जाडीची, बहुतेक नायलॉनची. पूर्वी ती जनावरांच्या आतड्यापासून बनायची. आतडं गेलं, ‘गट’ हे नाव तेवढं राहिलं.

(दृश्य : शाळकरी मुलगा काउंटरवर रॅकेट ठेवतो.)

“काका, ३० वर ओढा.”

काका रॅकेट हातात घेतात. “फूल कुठलं वापरतोस?”

“प्लॅस्टिकचं.”

“आणि ३० कुणी सांगितलं?”

मुलगा गप्प. सांगायला कशाला हवं? मोठे खेळाडू ३० च्या आसपास खेळतात, हे प्रत्येक हॉलमध्ये कानावर पडतं. आणि आकडा मोठा म्हणजे खेळ मोठा, असं वाटतंच.

(दृश्य : तारेचा जवळून शॉट.)

प्रत्यक्षात गणित उलटं आहे. जाळी सैल असेल तर फूल तिच्यात किंचित रुततं आणि जाळीच त्याला मागे ढकलते. कष्ट कमी, फूल लांब. जाळी कडक केली की ही फुकटची मदत आटते. फूल नेमकं जातं, पण जोर तुमचा तुम्हीच आणायचा. भारताचा बॅडमिंटनपटू सात्विकसाईराज रंकीरेड्डी याच्या ताशी ५६५ किलोमीटरच्या स्मॅशची २०२३ मध्ये गिनीजमध्ये नोंद झाली. तो वेग त्याच्या खांद्यातून आणि मनगटातून आला. जाळीनं फक्त तो वाया जाऊ दिला नाही.

शिवाय जाळी कडक होते तशी मधली चांगली जागा आक्रसते. ३० पाउंडांवर फटका बोटभर बाजूला बसला, तर फूल अर्ध्या कोर्टात पडतं आणि झटका कोपराला बसतो.

काका फाटक्या जाळीवर बोट ठेवतात. तार तुटलीय ती वर, फ्रेमला लागून. मधली जाळी जवळपास नवी. मुलगा कुठे मारतो, ते जाळीनं सांगून टाकलं.

उरलेल्या तारा ते मधून बाहेर अशा कापत जातात. हे खरं तर तुटल्या तुटल्या घरीच करायला हवं, नाहीतर एकीकडचा ताण फ्रेम वाकडी करतो. मग फ्रेमवरचा बारीक छापील आकडा बघतात. त्याच्या वर ओढायचं नाही. फ्रेम तडकली तर कंपनी हात वर करते.

“२३ करतो.”

(दृश्य : २२ उभ्या तारा भरून झाल्यात. आडवी तार एकीच्या वरून, दुसरीच्या खालून सरकते. फक्त तारेचा सरसर आवाज.)

हे २३ उद्या सकाळी २३ राहणार नाहीत. नवी तार पहिल्याच दिवशी थोडी ढिली पडते. एका दुकानातले २३ दुसऱ्या दुकानातल्या २३ शी जुळतीलच असंही नाही. मशीन वेगळं, हात वेगळा. जुने खेळाडू दुकान सहसा बदलत नाहीत, त्याचं हेही एक कारण.

(दृश्य : शेवटची गाठ. काका तार छेडतात. टण्ण.)

मुलगा जाळी तळहातावर आपटून बघतो. चेहरा अजून थोडा पडलेलाच.

“काका, पुढच्या वेळी २५?”

“आधी ही मधोमध तुटू दे.”