दूध मोजू नकोस, कढईची कड बघ

नमस्कार मंडळी.

मी इंदूरची म्हटलं की समोरून लगेच येतं, "म्हणजे सराफा!" हो, तोच. दिवसा सोन्या-चांदीची दुकानं, आणि रात्री ती बंद झाली की त्यांच्याच दारात कढया चढतात. जोशींचा दहीवड्याचा द्रोण हवेत उडतो, ते पाहायला गर्दी जमते. त्या हातांना दाद मिळायलाच हवी. पण आज मी बोलणार आहे ते भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसाच्या, किसाच्या कढईपाशी तासन् तास ढवळत उभ्या असलेल्या माणसाबद्दल. त्याच्याकडे कोणी बघत नाही.

कीस म्हटलं की आपल्याला उपासाचा बटाट्याचा कीस आठवतो. होळकरांची राजधानी 1818 मध्ये महेश्वरहून इंदुरात आली. मराठी घरं त्याच्याही आधीपासून माळव्यात रुजत होती. आज तिथला हिंदी बोलणारा हलवाईही 'भुट्टे का कीस' म्हणतो. आपल्या स्वयंपाकघरातला शब्द त्याच्या पाटीवर दिसला की मला अजून भरून येतं.

आई पावसाळ्यात कणसं निवडायची ती दाण्यात नख रुतवून: दूध आलं पाहिजे, पाणी नको. मग किसणी. मिक्सरमध्ये दाण्याची सालंही वाटली जातात. किसणीवर ती बरीचशी कणसालाच राहतात. तुपात जिरं, हिंग, हिरवी मिरची, आणि मंद आचेवर परतणं. कच्चा वास जाऊन खमंग वास सुटेपर्यंत दुधाला हात लावायचा नाही. नंतर दूध, पुन्हा ढवळणं. वरून खोबरं, कोथिंबीर, लिंबू.

इथला स्वीटकॉर्न गोड आणि पाणीदार. माळव्यातल्या देशी मक्यासारखा पिठूळ नाही, त्यामुळे आईच्या मापाने दूध घातलं तर कीस आळतच नाही. मी फोनवर रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "अगं, दूध मोजू नकोस, कढईची कड बघ. तूप सुटलं की झालं." तेव्हापासून मी परतते दुप्पट वेळ आणि दूध घालते निम्मं. छापलेल्या कृतीत हे मला कुठेच सापडलं नव्हतं.

आपल्या मंडळातही असे हात आहेत. आजचा कीस ज्या काकूंनी केलाय, त्या आत्ताही आत कढईपाशीच उभ्या आहेत. मुलांनो, ओट्यावर चार किसण्या आणि सोललेली कणसं ठेवली आहेत. काकू तुमची वाट बघताहेत.