शब्द भावाला दिला, कंपनीला नाही

मित्रहो, पत्रिकेवर आजचा विषय ‘लहान कंपनीतील शेअर-विक्रीचा करार मोडल्यास न्यायालय काय देते’ असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक खटला मला सविस्तर सांगायचा आहे, कारण माझ्याकडे आलेल्या अशा बहुतेक भांडणांचे मूळ मला त्यात दिसत आले आहे.

खटला रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन. दक्षिणेतील दोन भावांची प्रायव्हेट कंपनी. एकूण शेअर अवघे ५०, प्रत्येकाकडे २५. १९५१ मध्ये दोघांनी तोंडी ठरवले, की दोन्ही शाखांकडे शेअर कायम सारखेच राहतील आणि कोणाला विकायचे झाले तर त्याने आधी आपल्याच शाखेतल्यांना विचारावे. आपल्याकडेही वाटण्यांच्या वेळी असेच बोलणे होते आणि बोलणारे ते मनापासून बोलतात, हे मी मुद्दाम सांगतो. पुढे दोघे भाऊ गेले आणि एका शाखेतील मुलाने आपले शेअर परस्पर दुसऱ्या शाखेतील चुलतभावांना विकले. दावा दाखल झाला. असे ठरले होते, हे उच्च न्यायालयापर्यंत मान्य झाले आणि विक्रीही टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मात्र निकाल फिरवला, आणि तोही ‘असे काही ठरलेच नव्हते’ या कारणावर नव्हे. हस्तांतरावरचे जे बंधन कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आपण ज्याला आर्टिकल्स म्हणतो त्यात, लिहिलेले नाही, ते कंपनीवर बंधनकारक नाही आणि सभासदांवरही नाही, असे न्यायालयाने सांगितले. भावाभावांनी १९५१ मध्ये दिलेला शब्द एका ओळीच्या अभावी निकामी झाला. २०१३ च्या कंपनी कायद्यात कलम ५८ खाली सभासदांमधल्या अशा कराराला मान्यता आहे, परंतु ती पब्लिक कंपनीच्या संदर्भात. आपल्या प्रायव्हेट कंपन्यांसाठी तशी तरतूद नाही. म्हणून माझा आग्रह एवढाच, की आपसांत जे ठरेल ते करारात लिहाच, पण विशेष ठराव करून नियमावलीतही घाला.

हीच गोष्ट विकून बाहेर पडणाऱ्याचीही आहे. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका वयस्कर उद्योजकाने कंपनीतील आपला सगळा, म्हणजे निम्मा, हिस्सा भागीदाराला विकला, हस्तांतराच्या फॉर्मवर सही केली, पैसे घेतले आणि संचालकपदाचा राजीनामाही दिला. तीन वर्षांनी बँकेची नोटीस त्यांच्या घरी आली, कारण कंपनीच्या कॅश क्रेडिटला, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जाला, त्यांनी दिलेली वैयक्तिक हमी तशीच होती आणि राहते घर तारण होते. ‘माझा आता काय संबंध?’ असे ते मला पुन्हा पुन्हा विचारत होते. शेअर विकल्याने भागधारकांच्या नोंदवहीतले नाव जाते, पण बँकेशी केलेला हमीचा करार बँकेने मुक्त केल्याशिवाय संपत नाही. त्यांचा करार दुसऱ्या कोणाच्या तरी मसुद्यावरून उतरवलेला होता आणि तो लिहिणाऱ्याने हमीबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता, याचा राग मला अजून आहे.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा छापील विषय आता भराभर सांगतो. विकणारा मागे हटला तर नुकसानभरपाई मागता येते किंवा शेअरच मागता येतात. प्रायव्हेट कंपनीचे शेअर बाजारात मिळत नसल्यामुळे दुसरी मागणी बळकट असते, आणि विशिष्ट अनुतोष कायद्यातील (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) २०१८ च्या दुरुस्तीनंतर ती मान्य करणे पूर्वीइतके न्यायालयाच्या मर्जीवर राहिलेले नाही. मात्र आपण पैसे देण्यास सतत तयार होतो, हे घेणाऱ्याला सिद्ध करावे लागते आणि दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. कंपनीनेच हस्तांतराची नोंद नाकारली तर तिने ३० दिवसांत कारणांसह कळवायचे असते. ती नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि नोटीसच आली नाही तर हस्तांतराचा कागद कंपनीला दिल्यापासून ६० दिवसांत, कंपनी न्यायाधिकरणाकडे (एनसीएलटी) जावे.

जुनी देणी लपवली गेली तर? शेअर घेणारा कंपनीचा भूतकाळही घेतो. आपल्या करार कायद्यात गप्प राहणे ही प्रत्येक वेळी फसवणूक ठरत नाही, आणि साधी चौकशी करून जे कळले असते, त्याबाबतच्या मौनाच्या आधारे करार सहसा रद्द करता येत नाही. म्हणून कराची थकबाकी, कामगारांची देणी आणि चालू दावे यांची यादी विकणाऱ्याकडून सहीनिशी घ्या, भरपाईचे कलम घाला आणि किमतीचा काही भाग ठरावीक काळ राखून ठेवा.

ज्यांनी आपल्या कंपनीची नियमावली सोबत आणली आहे, त्यांच्याबरोबर मी चहाच्या वेळी बसतो; हस्तांतराचे कलम आपण मिळून वाचू.