रेल ट्रेल सपाट नसतो! दुखापतीनंतरचा रनिंग वीकेंड आणि माझी फजिती

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत जाता जाता एक वाक्य बोलून गेले, की टाचेच्या दुखण्यानंतरची पहिली रनिंग ट्रिप मी रेल ट्रेलवर केली, आणि तेव्हापासून कमेंट्स काही थांबेनात. निम्मे विचारतायत "ताई, रेल ट्रेल म्हणजे काय?" आणि उरलेले म्हणतायत "सपाट तर असतो तो, त्यात काय एवढं?" तर ह्या दुसऱ्या लोकांशी मला आज भांडायचंय.

पहिल्यांना पटकन सांगते. रेल्वे लाइन बंद पडते, रूळ उचलतात, स्लीपर काढतात, वर बारीक खडीचा चुरा टाकून दाबतात, झाला रस्ता, चालायला, पळायला, सायकलला. मोटारी नाहीत. न्यूझीलंडचा ओटागो सेंट्रल १५२ किलोमीटरचा आहे, अमेरिकेतल्या एलरॉय-स्पार्टावर तीन बोगदे लागतात आणि त्यातला एक तर किलोमीटरपेक्षा लांब. बोगदा असेल तर टॉर्च घ्या, मोबाइलचा नाही, खराखुरा टॉर्च. बास.

आता भांडण. सपाट नसतो हो! लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरतं, म्हणून रेल्वेला खडा चढ जमत नाही, मग इंजिनियर लोक डोंगर कापतात, खड्ड्यात भराव टाकतात आणि चढ एक-दोन टक्क्यांत बसवतात. एक टक्का डोळ्याला दिसत नाही. पण नऊ किलोमीटर एक टक्का म्हणजे नव्वद मीटर, म्हणजे साधारण तीस मजले. तीस मजले चढलात आणि तुम्हाला पत्ताच नाही, असा प्रकार आहे हा.

माझं काय झालं ऐका. अकिलीसचं दुखणं, म्हणजे टाचेच्या मागची ती जाड शीर (रक्ताची नाही, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी), टाचेपासून चार बोटं वर, चिमटीत धरली की जीव जायचा. चार महिने टाचा उचलण्याचे व्यायाम, मग थोडं पळणं थोडं चालणं, आणि फिजिओने सांगितलं की आता सहा किलोमीटर ठीक आहे, तीन जा तीन ये. मी शनिवारी सकाळी ट्रेलवर. हवा मस्त, दोन्ही बाजूंना झाडं, पाय असे हलके की वाटलं चार महिने उगाच घाबरत होते. तीन किलोमीटरला घड्याळ वाजलं, मी म्हटलं अजून थोडं. पाच. सात. नऊला वळले.

आणि वळल्यावर दोन मिनिटांत कळलं की आपण इतका वेळ उतारावर होतो. 🙂

तर अवघड गोष्ट एकच आहे, कुठून परत फिरायचं. शूज नाही, बेल्ट नाही, पायाला चिकटवायची ती काळी पट्टी नाही. परत फिरण्याची जागा. चढावर घोटा जास्त दुमडतो, शीर जास्त ताणली जाते, आणि हे सगळं तुमच्या वाट्याला येतं ते दमल्यावर, परतीला. म्हणून सुरुवात खालच्या टोकाकडून करा, आधी चढ, मग उतार. उतार कुठे ते कसं कळणार? समोरून येणारे सायकलवाले बघा, ते पेडल न मारता येतायत आणि तुमच्या दिशेने जाणारे मारतायत, म्हणजे तुम्ही चढताय. किंवा कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापलेल्या भागात, कडेला पाण्याचा चर असतो, त्यात एक वाळलेलं पान टाका आणि कुठे जातं बघा. मी हे नंतर केलं. पान आरामात माझ्या मागे निघून गेलं, गाडी लावली होती त्याच्या बरोबर उलट दिशेला.

परत फिरण्याचंच पुन्हा. कोणीतरी लिहिलंय, "दुखलं की थांबायचं, सिंपल." अहो, थांबून जायचं कुठे? साध्या रस्त्यावर रिक्षा मिळते, गल्लीतून शॉर्टकट मिळतो. इथे खाली भराव, वर कटिंग, दोन्हीकडे काटेरी झुडपं आणि पुढचा फाटा कित्येक किलोमीटर लांब. मी चौदाव्या किलोमीटरला लंगडायला लागले आणि उरलेले चार किलोमीटर चालत आले, एक आजोबा काठी टेकत मला मागे टाकून गेले, वर म्हणाले "सावकाश हं."

आणि तिसऱ्यांदा तेच, कारण हे कोणी ऐकतच नाही. "बरं वाटतंय" हा पुरावा नाही. ही शीर गरम झाली की गप्प बसते आणि हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी करते. माझ्या पेसने एका किलोमीटरला साडेअकराशे पावलं पडतात, अठरा किलोमीटरची तुम्हीच मोजा, आणि ट्रेल इतका सरळ की प्रत्येक पाऊल डिट्टो तसंच, ना वळण, ना सिग्नलला थांबणं. रविवारी सकाळी मी लॉजचा जिना कठड्याला धरून आडवी आडवी उतरले. दुसऱ्या दिवसाचा प्लॅन? बाकावर बसून लोकांचे शूज बघणे.

म्हणून आकडा आदल्या रात्रीच ठरवा, घड्याळात घाला, आणि तो वाजला की वळा. मी आता चार मिनिटं पळते एक मिनिट चालते, पहिल्यापासून, दमल्यावर नाही. आणि रविवारचं पळणं रविवारची सकाळ ठरवते, उठल्यावरची पहिली दहा पावलं आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेली असली तर त्या दिवशी फक्त चालणं.

एक गंभीर गोष्ट, मी डॉक्टर नाही. पळताना मागून कोणी लाथ मारल्यासारखं वाटलं, फट् आवाज आला, आणि टाच उचलून उभं राहता येईना, तर शीर तुटलेली असू शकते, व्हिडिओ बघत बसू नका, हॉस्पिटलला जा.

शूजबद्दल चाळीस कमेंट्स आहेत. दुखणं असताना एकदम टाच सपाट असलेले नवीन शूज घालू नका, शिरेवर ताण वाढतो, एवढंच माझं म्हणणं. आणि "ताई, मी तर पहिल्याच दिवशी पंधरा केले, काही झालं नाही" लिहिणाऱ्या दादा, कमेंट शनिवारी रात्री टाकलीत तुम्ही, मी वेळ बघितली. रविवारी सकाळी परत लिहा.