हप्ता भरावा की पैसे साठवावेत?

श्रोतेहो, नमस्कार.

"घरात कुणी आजारी नाही. मग दरवर्षी 25,000 रुपये विमा कंपनीला का द्यायचे? तेवढेच बँकेत टाकले तर?" आरोग्य विम्याचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, आणि आज मी त्याचंच उत्तर देणार आहे.

आधी हिशोब करू. दरवर्षी 25,000 रुपये सात टक्के व्याजाने ठेवत गेलात, तर दहा वर्षांनी साधारण साडेतीन लाख जमतात. त्या दहा वर्षांत कुणालाच रुग्णालय पाहावं लागलं नाही, तर ते साडेतीन लाख तुमचे. पण आजार दुसऱ्याच वर्षी आला तर हाताशी जेमतेम 50,000 असतात. आणि हृदयाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोगाचे उपचार पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयात करायचे म्हटले, तर दहा वर्षांची ती सगळी बचतही एका आजारात संपू शकते. मग दागिने मोडतात, जमीन गहाण पडते, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे काढावे लागतात. माझं मत इथेच सांगून टाकतो. जो खर्च आपल्याला पेलणार नाही, त्यासाठी विमा घ्यावा. जो पेलतो, त्यासाठी घेऊ नये. ही एक गोष्ट पक्की धरली की पुढचे निर्णय पुष्कळ सोपे होतात.

म्हणून एजंटला फोन करण्याआधी आपल्याकडे आधीच काय आहे ते बघा. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआयसीची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळाची, वर्गणी कापली जात असेल, तर कुटुंबाच्या उपचारांची सोय तिथे आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. तेव्हा पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती, आता पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबंही तिच्यात आली आहेत. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर ऑक्टोबर 2024 पासून त्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. गोव्यातल्या श्रोत्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचं कार्ड दर वर्षी चालू ठेवायला विसरू नका.

या योजनांना कमी लेखू नका. अनेक घरं यांच्यामुळे कर्जातून वाचली आहेत. मात्र त्या अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील असलेल्या, रुग्णालयांतच चालतात आणि ठरलेल्या यादीतल्या उपचारांनाच लागू होतात. तेव्हा आजच, सगळे धडधाकट असताना, आपल्या तालुक्याजवळचं कोणतं रुग्णालय अंगीकृत आहे ते पाहून ठेवा. तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा, तो नीट सांगतो. ज्या घरात महिनाअखेर हातात काही उरत नाही आणि अशी योजना जवळ उपलब्ध आहे, त्या घराने कर्ज काढून खासगी पॉलिसी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. एक वर्ष भरून दुसऱ्या वर्षी सोडून दिलेली पॉलिसी काहीच देत नाही.

आता नोकरदार मंडळी. "आमच्या कंपनीचा विमा आहे" असं ते निश्चिंतपणे सांगतात. तो विमा चांगलाच असतो, पण नोकरी संपली की तोही संपतो. निवृत्तीच्या वेळी वय 58 किंवा 60, रक्तदाब आणि मधुमेह सोबतीला, आणि त्या वयात माणूस पहिल्यांदा पॉलिसी शोधायला निघतो. वयोमर्यादेमुळे आता कुणाला दार बंद होत नाही. 2024 च्या नियमांनी पासष्टीची जुनी आडकाठी निघाली. पण हप्ता वयानुसारच लागतो आणि आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून चाळिशीतच आपली स्वतंत्र पॉलिसी सुरू करावी. ते जमलं नसेल, तर नोकरी सोडण्याआधी त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, याची चौकशी करा. गट विम्यात, म्हणजे नोकरीतल्या विम्यात, काढलेली वर्षं मग प्रतीक्षाकाळात, म्हणजे या थांबण्याच्या मुदतीत, धरली जातात. ही विचारपूस शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

किती रकमेचा विमा घ्यावा? इथे सुपर टॉप-अपबद्दल, म्हणजे ठरावीक रकमेच्या वरचा खर्च उचलणाऱ्या विम्याबद्दल सांगतो, कारण मध्यमवर्गीय घराला याइतका उपयोगी प्रकार मला दुसरा दिसत नाही. समजा नोकरीतून मिळालेला 5 लाखांचा विमा आहे, किंवा तेवढी रक्कम तुम्ही स्वतः उभी करू शकता. तर पहिले 5 लाख तुमच्याकडे ठेवून त्यावरच्या 20 लाखांसाठी सुपर टॉप-अप घेता येतो. पहिला मोठा भाग विमा कंपनीच्या डोक्यावर नसल्यामुळे हप्ता नेहमीच्या पॉलिसीच्या मानाने बराच कमी बसतो. फक्त साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत गल्लत करू नका. वर्षात दोनदा भरती व्हावं लागलं, एकदा 3 लाख आणि एकदा 4 लाख खर्च झाला, तर सुपर टॉप-अप दोन्ही बिलांची बेरीज धरतो आणि 5 लाखांवरचे 2 लाख देतो. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं पाहतो. एकही बिल 5 लाखांवर गेलं नाही म्हणून तो एक रुपयाही देत नाही.

आता पॉलिसीच्या कागदातलं एक कलम, ज्याने मी अनेकांना रडकुंडीला आलेलं पाहिलं आहे. खोलीभाड्याची मर्यादा. समजा विमा 3 लाखांचा आहे आणि खोलीभाडं दिवसाला एक टक्का, म्हणजे 3,000 रुपये मान्य आहे. तुम्ही 6,000 ची खोली घेतली, पाच दिवस राहिलात. आपल्याला वाटतं, फरकाचे 15,000 आपण भरू, बाकी सगळं कंपनी देईल. तसं होत नाही. खोली मान्य दराच्या दुप्पट घेतली, म्हणून डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा यांचं बिलही निम्मंच मंजूर होतं. कारण रुग्णालयं हे दर खोलीच्या वर्गाप्रमाणे लावतात. हे खर्च मिळून 1 लाख असतील तर तिथे आणखी 50,000 गेले. 15,000 च्या ऐवजी 65,000 खिशातून. औषधं, तपासण्या आणि शरीरात बसवलेल्या वस्तू यांना ही कपात लावता येत नाही, हा नियम लक्षात ठेवा आणि बिल तपासताना बोट ठेवून दाखवा. शक्य असेल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसीच निवडा, हप्ता थोडा जास्त पडला तरी. आणि मर्यादा असेलच, तर भरतीच्या वेळी काउंटरवर विचारून त्या मर्यादेतली खोली मागा. त्यात कमीपणा काही नाही.

दुसरी गोष्ट पॉलिसी घेताना भरायच्या प्रस्ताव अर्जाची. "साखर थोडी वाढते, ते लिहू नका, हप्ता वाढेल," असं सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका, कृपा करून ऐकू नका! अर्जावर सही तुमची असते. दावा आला की जुने रिपोर्ट मागवले जातात, आणि लपवलेला आजार सापडला तर दावा तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दिली नव्हती या कारणाने दावा नाकारता येत नाही, हे खरं. पण त्या पाच वर्षांत दुखणं येणार नाही याची खात्री कोण देणार? लिहा, जास्त हप्ता भरा, आणि निर्धास्त राहा.

हप्त्याबद्दलही थोडं सांगितलं पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के जीएसटी गेला. 20,000 च्या हप्त्यावर पूर्वी 3,600 रुपये कर पडायचा, तो आता नाही. ज्येष्ठांचा हप्ता एका वर्षात 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे जावं लागतं. तरीही वय वाढेल तसा हप्ता चढत जाणार, आणि आजचा आकडा पाहून निर्णय घेणारा माणूस पुढे अडचणीत येतो. त्याच कंपनीच्या तक्त्यात 60 आणि 70 वर्षांच्या माणसाचा हप्ता किती आहे ते आजच बघा. निवृत्तीनंतरच्या उत्पन्नातून तो भरता येणार नाही असं दिसलं, तर लहान पॉलिसी घ्या, पण शेवटपर्यंत चालेल अशी घ्या. आईवडिलांना आपल्या फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे सगळ्या घराच्या एकत्रित पॉलिसीत, घालू नका. अशा पॉलिसीचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या वयावर ठरतो. त्यांची पॉलिसी वेगळी काढा. जुन्या कररचनेत असाल तर हप्त्यावर प्राप्तिकरात वजावट मिळते, पण निव्वळ कर वाचतो म्हणून कुणी विमा घेऊ नये.

पॉलिसी हातात पडल्यावर 30 दिवस तुमचे असतात. पटली नाही तर परत करता येते, मामुली कपात होऊन पैसे मिळतात. त्या दिवसांत प्रतीक्षाकाळ, सहभाग रक्कम (बिलातला तुम्ही भरायचा वाटा) आणि वगळलेले आजार, एवढी पानं तरी वाचा. मोतीबिंदू, हर्निया, गुडघ्याचं रोपण अशांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं, हे आधी कळलेलं बरं.

आणि दावा नाकारला गेलाच तर? आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा, पोच जपून ठेवा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात. त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो मान्य नसेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग तुमच्यासाठी खुलाच असतो. बरेच लोक पहिल्या नकारानंतर फाईल बंद करून ठेवतात. ती बंद करू नका.

नमस्कार.