मक्याचा वाफसा

(निवेदन चित्रीकरण पाहून लिहिलं आहे. कंसातल्या सूचना संकलनासाठी.)

(दृश्य: गच्चीवरचं रणरणतं ऊन. खाली गल्लीत टँकर, घागरींची रांग.)

लातूर. एप्रिल महिना, दुपारचे अडीच. २०१६ साली याच महिन्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते हे शहर. आजही टँकर वळणावर दिसला की आधी घागरी वाजतात, मग माणसं बोलतात.

या घरात जिन्याखाली, पूर्वी सायकल ठेवायचे तिथं, एक काचेची पेटी आहे. पेटीतल्या मीटरवर आकडा आहे १९. हे तापमान नव्हे. ही हवेतली आर्द्रता, शंभरात एकोणीस.

(दृश्य: काचेमागून नारिंगी साप सरकतो. जीभ. पोटाकडची चौकट अगदी जवळून.)

पेटीतला रहिवासी म्हणजे कॉर्न स्नेक. बिनविषारी, उंदरांवर जगणारा, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. न्यू जर्सीपासून खाली फ्लोरिडापर्यंत तो सापडतो. पोटावरची काळी-पांढरी चौकट रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते, म्हणून हे नाव पडलं असं म्हणतात. घरातल्या आजींना इंग्रजी नाव जड जायला लागलं, तेव्हा त्यांनी बारसंच करून टाकलं. मक्या.

मक्याच्या मुलखात उन्हाळा घामट असतो. झाडाची सुटलेली साल, कुजका पाला, त्याखालची ओल, अशा जागी हा साप दडतो. म्हणून तो पाळणारे ४० ते ६० टक्के आर्द्रता सांगतात, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्तच. आता १९चे ४० करायचे कसे, तेही टँकरच्या गावात? चार महिने आम्ही एवढंच टिपत होतो.

(दृश्य: मुलगा फवाऱ्याची बाटली घेऊन. काचेवर थेंब. मीटर.)

साप या नातवाचा. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुरुवातीला त्यानं केलं ते सगळेच करतात. फवारा. बाटली मारली की मीटर टुणकन ६५वर. आम्ही कॅमेरा तसाच लावून ठेवला. वीस मिनिटांत आकडा पुन्हा २६. दिवसातून सहा वेळा फवारा, दोन बाटल्या पाणी. मागून आजींचा आवाज आलाय, तो काढू नका:

"अरे, सारखं पाणी काय मारायलास त्याला? ते काय मेथीची जुडी हाय का?"

पाणी जातं कुठं, याचं उत्तर उन्हात आहे. २० अंशांना एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते. ४० अंशांना मावते ५१ ग्रॅम. म्हणजे हवा तापली की तिची तहान तिप्पट होते. वाफ तेवढीच असते, पण मीटरवरचा आकडा कोसळतो. पेटीखाली गरम पट्टी लावा म्हणून जो सल्ला थंड देशातून येतो, तो इथं एप्रिलात पाळला तर पेटीची भट्टी व्हायची. मक्याला एका बाजूला ३० अंशांच्या आसपास ऊब लागते आणि दुसऱ्या बाजूला २५च्या आसपास गारवा. लातूरला उबेची चिंता नाही. गारवा आणायचा कुठून, हा प्रश्न. म्हणूनच पेटी वरच्या स्लॅबखालून उचलून जिन्याखाली आली, आजींच्या खोलीच्या दाराशी. खोलीत कूलर. दार बोटभर उघडं ठेवलं की कूलरची ओलसर हवा पेटीपर्यंत येते. लाइट गेली की आजी आणि मक्या दोघंही एकदमच कासावीस.

(दृश्य: स्वयंपाकघर. मिठाची बरणी, बाटलीचं झाकण, डबा.)

पण मीटर तरी खरं बोलतं का? हा भाग मला सगळ्यात आवडला, आणि पाळणाऱ्यांपैकी फार थोडे तो करतात. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ. त्यावर पाण्याचे चार-पाच थेंब, मीठ विरघळून जाऊ द्यायचं नाही, ओल्या वाळूसारखं ठेवायचं. ते झाकण आणि मीटर शेजारी शेजारी एका घट्ट डब्यात, रात्रभर. ओलं मीठ बंद डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर आणून ठेवतं. उन्हाळा असो, हिवाळा असो, घरातल्या तापमानाला ती ७५च.

(दृश्य: सकाळ. डब्याचं झाकण उघडतं. दोन मीटर.)

काट्याचं गोल मीटर, पेटीसोबत फुकट आलेलं, दाखवतंय ५८. वायरचं डिजिटल मीटर, ७२. म्हणजे पहिलं सतरानं खोटं, दुसरं तिनानं. पहिलं आता आजींच्या खोलीत भिंतीवर आहे, शोभेला. दुसऱ्याच्या पाठीवर मुलानं पेननं लिहिलंय, "+३".

(दृश्य: कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट पाण्यात फुगते. घमेलं. वडिलांचे हात.)

वडिलांची औसा तालुक्यात शेती आहे. सापाला ते हात लावत नाहीत. आजही नाही. पण त्या दिवशी नातवाची, म्हणजे त्यांच्या मुलाची, कोकोपीट भिजवायची धांदल बघून ते घमेल्याशी येऊन बसले. हे ठरवून घेतलेलं दृश्य नाही. मूठभर घेतलं, आवळलं. बोटांतून पाणी गळलं.

"चिखल केलायस ह्याचा. वाफसा येऊ दे की जरा."

काळ्या रानात पाऊस पडला म्हणून कुणी त्याच दिवशी तिफण नेत नाही. माती हाताला ओल सांगते, पण चिकटत नाही, मुठीत गोळा होतो आणि अंगठ्यानं दाबला की फुटतो, तोवर थांबतात. सापाच्या पेटीबद्दल इंटरनेटवर पानंच्या पानं वाचलेल्या या पोराला जे नेमकं कळत नव्हतं, ते वडिलांच्या एका शब्दात होतं. पेटीला पाणी नको होतं. वाफसा हवा होता.

(दृश्य: वडिलांची मूठ. गोळा. अंगठा. गोळा फुटतो. हे पूर्ण ठेवा.)

मग कोकोपीट कागदावर पसरून अर्धा दिवस सुकवलं. पेटीत चार बोटं थर. खालचा थर ओलसर, वरचा कोरडा, म्हणजे सापाचं पोट सतत ओल्यावर राहत नाही.

(दृश्य: संक्रांतीचं सुगड. शहाबादी फरशीवर काठ घासला जातोय. आवाज.)

आणि हे सुगड. संक्रांतीचं, वापरून झालेलं. काठाला एक कपची उडालेली होती, तीच मोठी करून दार केलं. सापाच्या जाडीच्या दुप्पट. मग ओल्या फरशीवर घासून धार बोथट केली, अंगाला लागू नये म्हणून. आत पिळून घेतलेलं मॉस, म्हणजे शेवाळ. पालथं घातलं की झाली ओलसर खोली. भाजलेली माती पाणी पिते आणि सावकाश सोडते. माठ गार कसा राहतो, हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको.

मीटरची वायर सुगडात सोडली. बाहेर ३४, आत ८२. दोन दिवसांत अर्धी वाटी पाणी लागतं. सगळी पेटी ओली करायची गरजच नाही. ओल हवी तेव्हा मक्या आत जातो, नको तेव्हा बाहेर येतो.

(दृश्य: मे. सापाचे डोळे निळसर, दुधाळ.)

मक्या कातीवर आलाय. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव भरला की डोळ्यांवर असं धुकं चढतं. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, म्हणून हात लावायचा नाही. खाणंही बहुतेक वेळा बंद. चार-पाच दिवसांत धुकं उतरतं. लोकांना वाटतं, झालं. पण कात त्यानंतर दोन-चार दिवसांनी निघते, आणि ओलीची खरी गरज तेव्हाच असते. मक्यानं ते सगळे दिवस सुगडात काढले.

(दृश्य: पहाट. सुगडाच्या काठाला नाक घासतोय. ओठाशी कात सुटते. इथून निवेदन नाही. फक्त कूलरचा आवाज आणि कातीची सरसर. दीड मिनिट.)

(दृश्य: वर्तमानपत्रावर पसरलेली कात. टेप.)

बाही उलटावी तशी, एकसंध. तोंडाकडच्या बाजूला दोन पारदर्शक चकत्या दिसतायत ना, त्या डोळ्यांवरच्या. सापाला पापण्या नसतात, हे खवलेच डोळा झाकतात. दोन्ही चकत्या आल्यात की नाही, हे आधी बघायचं. मग शेपटीचं टोक. गेल्या वर्षी ही व्यवस्था नव्हती. कात तुकड्यांनी निघाली, शेपटीला कड्यासारखी आवळून बसली आणि टोकाचा पेरभर भाग वाळून गेला. त्याचं चित्रण नाही.

(दृश्य: श्रावण. ओट्यावर लाह्या, पाटावर गंधानं काढलेला नाग. गच्चीवर रिपरिप.)

नागपंचमी. मीटर ८४. आता उलटी बाजू. बंद पेटीत एवढी ओल साठली की बुरशी धरते, सापाच्या पोटाचे खवले सडतात, छातीत कफ धरतो. कोकोपीट काढून जुनं वर्तमानपत्र अंथरलंय. काचेचं झाकण जाऊन जाळी आली. पाण्याचं भांडं छोटं झालं. कूलर गच्चीवर गेला.

शूटिंगला जमलेल्या गल्लीतल्या पोरांनी विचारलं, आम्ही धामण पाळली तर? नाही. धामणीसारखा आपल्याकडचा साप घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. आणि मक्यासारखा परदेशी साप कंटाळा आला म्हणून रानात सोडायचा नसतो.

(दृश्य: उघडीप. गच्चीच्या कठड्यावर धुतलेलं सुगड वाळतंय.)

पावसानं आज उघडीप दिली. सुगड गरम पाण्यानं धुऊन उन्हात ठेवलंय. येत्या संक्रांतीला ते पूजेत चालणार नाही, असं आजींनी सांगून टाकलंय. मक्यालाही ते आता पुरत नाही. वेटोळं आत मावतं, पण डोकं बाहेर राहतं. कुंभाराला गाडगं सांगितलंय, दार पाडूनच.