रीजंट स्ट्रीटचा दवाखाना

(पडद्यावर पाटी: ॲबोरिजिनल आणि टोरेस स्ट्रेट बेटांवरच्या प्रेक्षकांनी नोंद घ्यावी. या व्हिडिओत दिवंगत व्यक्तींची नावं आणि छायाचित्रं आहेत.)

(रेडफर्न स्टेशन, सकाळची गर्दी)

सिडनीचं रेडफर्न. विद्यापीठात शिकायला आलेली आपल्याकडची बरीच मुलं रोज इथंच उतरतात आणि मोबाइलमध्ये बघत पुढं जातात. स्टेशनबाहेर पुलाच्या भिंतीवर हे लांबलचक चित्र आहे, १९८३ सालचं. यातली ही टीम बघा. रेडफर्न ऑल ब्लॅक्स, इथलाच रग्बी लीगचा क्लब.

(लॅपटॉपच्या पडद्यावर ट्रेनिंगच्या स्लाइड)

ऑस्ट्रेलियात नोकरीला लागलं की बऱ्याच ठिकाणी कल्चरल कॉम्पिटन्सचं, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, ॲबोरिजिनल लोकांची संस्कृती समजून घेण्याचं ट्रेनिंग असतं. लाल माती, ठिपक्यांची चित्रं, बूमरँग. शेवटी चार प्रश्न, मग सर्टिफिकेट. काहीच नसण्यापेक्षा बरं. पण २०२१च्या जनगणनेत ८ लाख १२ हजारांहून जास्त लोकांनी आपण ॲबोरिजिनल किंवा टोरेस स्ट्रेट बेटांवरचे असल्याचं नोंदवलं, आणि त्यातले बहुतेक शहरांत, गावांत राहतात. तुमच्या वॉर्डात येणारी पेशंट वाळवंटातून आलेली नसते. ती सिडनीच्याच माउंट ड्रुइटहून बस पकडून आलेली असते.

(एव्हलीची रेल्वे वर्कशॉप, उंच लोखंडी छत)

आज इथं नाटकं होतात, प्रदर्शनं भरतात. पूर्वी ही रेल्वेची वर्कशॉप होती. न्यू साउथ वेल्सच्या खेड्यापाड्यांतून, सरकारी रिझर्व्हमधून, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांसाठी राखलेल्या वस्त्यांतून, माणसं इथं कामाला आली. विराजुरी, गमिलरोई, धनगट्टी अशा नाना समाजांची, नाना ठिकाणची. रिझर्व्हवर कुणी राहायचं, कुणी बाहेर जायचं, मुलं कुणाकडे वाढायची, हे सरकारचं ॲबोरिजिन्स वेल्फेअर बोर्ड ठरवायचं. हे बोर्ड १९६९ मध्ये बंद झालं.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. रेडफर्नची जमीन गादिगल लोकांची. पन्नास वर्षं इथं काढलेले विराजुरी काकासुद्धा या जमिनीवर पाहुणेच. पाहुण्यांचं स्वागत करण्याचा मान स्थानिक ज्येष्ठांचा, तो दुसरं कुणी घेत नाही. त्यामुळे ऑफिसात कार्यक्रम निघाला की “आपल्या टीममधला तो ॲबोरिजिनल मुलगा आहे ना, त्यालाच दोन शब्द बोलायला सांगू” हे चालत नाही. त्याला नाही म्हणायचाही संकोच, हो म्हणायचाही.

(जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

१९६०च्या दशकाची अखेर. रेडफर्नमधलं एम्प्रेस हॉटेल, म्हणजे पब, हा ॲबोरिजिनल लोकांचा अड्डा. पोलिसांची गाडी यायची, माणसं भरून न्यायची. पॉल को, गॅरी फोली, गॅरी विल्यम्स ही तेव्हा विशीच्या आसपासची पोरं. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्सबद्दल त्यांनी वाचलेलं होतं. त्यांनी वह्या घेतल्या आणि लिहायला सुरुवात केली: किती वाजता, कुणाला, कशासाठी उचललं. त्या नोंदी घेऊन ती विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापकांकडे गेली. हॅल वूटन तेव्हा न्यू साउथ वेल्स विद्यापीठात कायद्याचे डीन होते. त्यांनी ऐकून घेतलं, आणि १९७० मध्ये ॲबोरिजिनल लीगल सर्व्हिस, फुकट कायदेशीर मदत देणारी संस्था, उभी राहिली. वूटन तिचे पहिले अध्यक्ष.

(रीजंट स्ट्रीट, दुकानांची रांग)

वर्षभरात, १९७१च्या जुलैमध्ये, याच रस्त्यावर एका दुकानाच्या गाळ्यात दवाखाना निघाला. डॉक्टर बिनपगारी यायचे. डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज त्यांपैकीच. औषधं जमवायची, खुर्च्या जमवायच्या, संध्याकाळी ओपीडी. पण कारभार वस्तीच्या हातात. डॉक्टर कामाला, मालकी पेशंटची. हॉस्पिटलात ज्यांना ताटकळत ठेवायचे, त्यांनीच इथं डॉक्टरांना कामाच्या वेळा दिल्या! देशातली अशी ही पहिली आरोग्यसेवा. आज अशा शंभराहून जास्त आहेत. आताच्या इमारतीत आम्ही कॅमेरा नेला नाही. पेशंट बसलेले असतात.

(शर्ली स्मिथ यांचं छायाचित्र)

या बाईंना सगळे मम शर्ल म्हणायचे. भाऊ तुरुंगात होता म्हणून त्या भेटायला जायच्या. तो सुटला तरी यांचं जाणं थांबलं नाही. जेलर विचारायचे, तुम्ही याच्या कोण? त्या सांगायच्या, आई. ठरलेलं उत्तर, कैदी कुणीही असो. दवाखाना उभा करणाऱ्यांत त्याही होत्या. इथं ‘आंटी’, ‘अंकल’ ही हाक अशा माणसांना लागते. ती समाज देतो. आपण पहिल्याच भेटीत परस्पर सुरू करायची नसते.

(एव्हली स्ट्रीट, मग उंच इमारत)

हा ‘द ब्लॉक’, रेडफर्नमधली ॲबोरिजिनल लोकांची वस्ती. १९७३ मध्ये पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारच्या अनुदानातून ॲबोरिजिनल हाउसिंग कंपनीनं इथली घरं घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी धडपडणारे बॉब बेलियर पुढं कायदा शिकले आणि १९९६ मध्ये देशातले पहिले ॲबोरिजिनल न्यायाधीश झाले. मध्ये हेरॉइन आलं, २००४ मध्ये एका १७ वर्षांच्या मुलाच्या मृत्यूनंतर दंगल झाली, घरं पाडली गेली. आता विद्यार्थ्यांचा टॉवर आहे आणि ॲबोरिजिनल कुटुंबांसाठी ६२ घरं.

(रेडफर्न पार्क)

१० डिसेंबर १९९२ रोजी पंतप्रधान पॉल कीटिंग या मैदानात बोलले. जमिनी आम्ही घेतल्या, मुलं आम्ही आयांपासून तोडली, असं त्यांनी समोर बसलेल्यांना सांगितलं.

(रिचमंड रोड, ब्लॅकटाउन. गाडीतून)

आता पश्चिमेला. मार्सडन पार्क, स्कोफील्ड्स, जिथं आपल्या मंडळींनी घरं घेतली तो भाग. धारुग लोकांची जमीन. या रिचमंड रोडला लागूनच १८२३ मध्ये ब्लॅकटाउन नेटिव्ह इन्स्टिट्यूशन सुरू झालं. ॲबोरिजिनल मुलांना आईबापांपासून दूर ठेवून शिकवण्याची शाळा. २०१८ मध्ये ती जागा धारुग लोकांना परत मिळाली.

अशीच शाळा आधी पॅरामाटाला होती. मारिया ही धारुग मुलगी तिथं शिकली. तिचा भाऊ कोलबी. त्याला गव्हर्नर मॅक्वारीनं याच रस्त्यावर जमीन दिली होती, आणि आज इथं त्याच्या नावाचं उपनगर आहे. भाऊ गेल्यावर मारियानं १८३१ मध्ये गव्हर्नरकडे अर्ज केला, भावाची जमीन मला मिळावी. ती तिच्या हाती आली १८४३ मध्ये.